सोलर बंबाचा पत्रा गार का राहिला पाहिजे

गच्चीवरच्या सोलर बंबाच्या फ्लॅट प्लेट कलेक्टरमधलं (काचेखाली काळा पत्रा आणि नळ्या असलेल्या, ऊन पकडणाऱ्या चपट्या डब्यातलं) पाणी मे महिन्यात भर दुपारी काढून टाकलं, तर आतला काळा पत्रा दीडशे-पावणेदोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. कलेक्टर इतका गरम एरवी कधीच होत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी त्याची कार्यक्षमता शून्य असते. ऊन जेवढी उष्णता आत ओततं, तेवढी सगळी काचेतून आणि डब्याच्या पाठीतून बाहेर निघून जाते. टाकीत काहीच पोचत नाही.

सोलर बंब घेणारे बहुतेक लोक उलटं समजतात. ‘किती तापतो?’ असं ते विचारतात. विचारायचं ते असं, की पत्र्यावर आलेली उष्णता किती चटकन उचलली जाते आणि पत्रा किती गार राहतो. ही उष्णता उचलण्याचं काम नळ्यांतला द्रव करतो. बहुतेक घरांत ते साधं पाणी असतं, काही ठिकाणी ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालायचा द्रव) मिसळलेलं पाणी, कारखान्यांत थर्मिक फ्लुइड म्हणजे तेल, आणि वीजनिर्मिती केंद्रांत वितळलेलं मीठसुद्धा.

हिशेब किती सोपा आहे

बऱ्या दर्जाचा फ्लॅट प्लेट कलेक्टर घ्या. त्याच्यावर पडलेल्या उन्हापैकी साधारण 76 टक्के पत्र्यात मुरतं, बाकीचं काच परत पाठवते किंवा शोषते. मग गळती सुरू होते. आतलं सरासरी तापमान बाहेरच्या हवेपेक्षा जितके अंश जास्त, त्या प्रत्येक अंशामागे दर चौरस मीटरला सुमारे 4 वॅट निसटतात. फरक वाढत गेला की गळती त्याहून थोडी जास्तच वेगाने वाढते.

ऊन दर चौरस मीटरला 800 वॅट आहे आणि हवा 30 अंश. आतलं पाणी सरासरी 50 अंशांवर असेल, तर फरक 20 अंशांचा. 20 गुणिले 4 म्हणजे 80 वॅट, म्हणजे उन्हाचा दहावा हिस्सा गेला. कार्यक्षमता उरली 65 टक्क्यांच्या आसपास. तोच कलेक्टर सरासरी 80 अंशांवर चालतोय तेव्हा फरक 50 अंशांचा होतो आणि कार्यक्षमता 47 टक्क्यांवर येते. ऊन तेच, काच तीच, पत्रा तोच. म्हणून ‘आमचा कलेक्टर 70 टक्के कार्यक्षम’ असं कोणी सांगितलं तर कोणत्या तापमानाला, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

निर्वात काचनळ्यांच्या हीटरमध्ये सुरुवातीचा आकडा बहुधा थोडा कमी असतो, पण गळती दर अंशाला दीड-दोन वॅटच. त्यामुळे कोमट पाण्याला फ्लॅट प्लेट बरा आणि कडकडीत पाण्याला नळ्या बऱ्या. नळीच्या टोकाचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडला असेल, तर निर्वात पोकळीत हवा शिरली म्हणून समजायचं. ती नळी बदलायची. मात्र भर उन्हात रिकाम्या तापलेल्या नळीत गार पाणी सोडायचं नाही, काच तडकते. हे काम सकाळी लवकर किंवा नळ्या झाकून करावं.

द्रवाचा खरा गुण कोणता

पाठ्यपुस्तकात पाण्याची थोरवी त्याच्या विशिष्ट उष्णतेवरून सांगतात: एक किलो पाणी एक अंशाने तापवायला 4.18 किलोजूल लागतात, तेलाला जेमतेम 2.1. हे खरंच आहे. पण कलेक्टरच्या आत याहून मोठा फरक पाडणारी दुसरी गोष्ट आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

नेहमीचा दोन चौरस मीटरचा कलेक्टर उघडला तर वर-खाली दोन जाड आडव्या नळ्या दिसतात, ते हेडर. त्यांच्यामध्ये नऊ-दहा बारीक उभ्या नळ्या, त्या राइझर. त्या पत्र्याला जोडलेल्या असतात. राइझर बाहेरून 12.7 मिलिमीटर, आतून 11.6 च्या आसपास. भर उन्हात असा कलेक्टर सुमारे 960 वॅट उष्णता गोळा करतो. ती नऊ राइझरमध्ये वाटली की प्रत्येकीच्या वाट्याला 107 वॅट येतात.

तासाला 100 लिटर पाणी यातून गेलं, तर ते वर येईपर्यंत 8 अंशांनी तापतं. 40 टक्के प्रोपिलीन ग्लायकॉलचं मिश्रण 9 अंशांनी तापेल. तेल तितकंच गेलं तर 19 अंशांनी. इथवर पाणी आणि ग्लायकॉल यांच्यात सांगण्यासारखा फरक नाही.

आता नळीच्या आत बघू. एका राइझरमधून तासाला जेमतेम 11 लिटर जातात, म्हणजे वेग सेकंदाला तीन सेंटिमीटरसुद्धा नाही. इतक्या संथ प्रवाहात द्रव घुसळत नाही, थर एकमेकांवरून गुपचूप सरकतात. भिंतीलगतचा द्रव मध्ये येत नाही आणि मधला भिंतीकडे जात नाही. उष्णतेला आत शिरायचं तर थरांमधून झिरपत जावं लागतं, आणि तिथे द्रवाची उष्णतावाहकता कामी येते. पाण्याची 0.64 (वॅट दर मीटर, दर अंश), ग्लायकॉल मिश्रणाची साधारण 0.42, तेलाची 0.13. पाण्याच्या बाबतीत नळीची भिंत आतल्या पाण्यापेक्षा 6 अंशांनी गरम राहिली तरी 107 वॅट आत जातात. ग्लायकॉल मिश्रणाला साडेनऊ अंश लागतात. तेलाला 30 अंश.

हे 30 अंश फुकट येत नाहीत. भिंत तापली म्हणजे पत्रा तापला, आणि पत्रा तापला की दर अंशाला 4 वॅटचा भुर्दंड बसतो. पाण्यावर 60 टक्के देणारा तोच कलेक्टर तेलावर 50 च्या घरात येतो. ग्लायकॉलने मात्र दीड-दोन टक्केच जातात. ‘ग्लायकॉल घातलं की कार्यक्षमता निम्मी’ असं काही विक्रेते सांगतात, ते साफ चूक आहे.

ग्लायकॉलची खरी अडचण पंपाला होते, आणि तीही थंडीच्या सकाळी. 10 अंशांना हे मिश्रण पाण्याच्या पाच-सहा पट दाट असतं. पंप पाण्याच्या हिशेबाने निवडला असेल, तर सकाळचे पहिले तास-दोन तास प्रवाह रडतखडत चालतो. एकच लांब नळी नागमोडी फिरवलेले जे कलेक्टर असतात, त्यांत आणखी एक भानगड होते. सगळे 100 लिटर एकाच नळीतून जात असल्याने पाणी तिथे छान घुसळतं. तिथेच ग्लायकॉल ओतलं की दाटपणामुळे घुसळण थांबते. त्या रचनेत नुकसान जास्त.

आपल्याकडे ग्लायकॉल हवंच का

बहुतेक ठिकाणी नको. ग्लायकॉल असतं ते पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून. लेहला त्याशिवाय चालणार नाही. निफाडचा पारा थंडीत अधूनमधून 3-4 अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात. निरभ्र रात्री कलेक्टरचा पत्रा आकाशाकडे उष्णता फेकत हवेपेक्षाही काही अंश गार होतो, त्यामुळे हवा शून्याच्या वर असतानाही आतलं पाणी गोठू शकतं. तेवढ्या मोजक्या जागा सोडल्या तर महाराष्ट्रात गोठणं ही अडचण नाही. अडचण आहे क्षारांची.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. मराठवाड्यात, सोलापूर भागात, पुण्याच्या कडेच्या टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत हा आकडा सहज चढा असतो. असं पाणी तापलं की विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुनखडी मागे राहते. चहाच्या पातेल्याच्या बुडाला बसतो तोच पांढरा थर. 60 अंशांच्या वर त्याचा वेग चांगलाच वाढतो.

इथे एक गैरसमज आहे. ‘क्षाराचा थर उष्णता अडवतो’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. बॉयलरमध्ये ते खरं आहे, कारण तिथे उष्णतेचा मारा प्रचंड असतो. सोलर बंबात एक मिलिमीटर थराने भिंतीत दीड अंशाचा फरक पडतो, तो कोणाच्या लक्षातही यायचा नाही. इथे मार बसतो तो प्रवाहाला.

बहुतेक घरगुती बंबांत पंप नसतो. गरम पाणी हलकं म्हणून वर चढतं, टाकीतलं गार पाणी खाली उतरतं. 40 अंशांच्या आणि 60 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 ग्रॅमचा फरक आहे. उंची 60 सेंटिमीटर धरली तर या सगळ्या फिरत्या पाण्यामागचा जोर भरतो साडेपाच मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका. बोटाच्या पेराच्या पाव हिश्श्याएवढा! इतक्याशा जोरावर पाणी दिवसभर फिरतं. आता राइझरमध्ये सगळीकडून दोन मिलिमीटर थर बसला की आतली वाट 11.6 ची 7.6 मिलिमीटर होते. व्यास कमी झाला की संथ प्रवाहाला होणारा अडथळा त्याच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे इथे तो पाच पटींहून जास्त झाला. तीन मिलिमीटर बसला तर अठरा पट. पाणी तुंबतं, पत्रा तापतो, तापला की क्षार आणखी बसतो. बंब पहिली दोन-तीन वर्षं नीट चालतो आणि मग एका हंगामात बसतो, त्याचं कारण हे दुष्टचक्र.

याच कारणासाठी टाकीचा तळ कलेक्टरच्या वरच्या काठापेक्षा किमान 30 सेंटिमीटर उंच हवा आणि जोडनळ्यांना सलग चढ हवा. मध्ये एखादी नळी उंटाच्या पाठीसारखी वर-खाली गेली तर तिथे हवा अडकते, आणि साडेपाच मिलिमीटरच्या जोराला तो बुडबुडाही जड जातो. कोपऱ्याला साधा एल्बो लावण्यापेक्षा लांब वळणाचा बेंड लावावा. प्लंबर कुरकुरतो, पण लावून घ्यावा.

बंद फेरा

क्षारावरचा पक्का उपाय म्हणजे कलेक्टरमधलं पाणी आणि न्हाणीतलं पाणी वेगळं करणं. टाकीत कॉइल असते किंवा टाकीभोवती दुसरं आवरण असतं. कलेक्टरमधला द्रव त्यातून फिरून उष्णता देतो आणि परत जातो. तोच तो द्रव वर्षानुवर्षं फिरत असल्याने एकदा जेवढा क्षार बसायचा तेवढाच बसतो.

याची किंमत आहे. उष्णता कॉइलच्या भिंतीतून पलीकडे जायला आतला द्रव टाकीतल्या पाण्यापेक्षा गरम असावा लागतो. हा फरक 8 अंशांचा धरला तर कलेक्टरची कार्यक्षमता 4 टक्क्यांनी खाली येते. कॉइल आखूड असेल तर फरक 15-20 अंशांवर जातो आणि मग मात्र नुकसान बोचतं. स्वस्त बंबांत बहुधा काटछाट होते ती इथेच. शिवाय नळाच्या बाजूचा क्षार आता कॉइलच्या बाहेर बसतो, पण टाकीत जागा ऐसपैस असल्याने प्रवाह अडत नाही.

आपल्या हवामानात या फेऱ्यात डिमिनरलाइज्ड म्हणजे क्षार काढलेलं पाणी आणि गंजरोधक एवढं पुरतं. गोठण्याची भीती असेल तिथेच ग्लायकॉल, आणि तेही प्रोपिलीन. गाडीच्या रेडिएटरमधलं हिरवं कूलंट बहुतेकदा एथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विषारी आहे. कॉइलला बारीक छिद्र पडलं तर ते थेट घरातल्या पाण्यात उतरतं. चव गोडसर, त्यामुळे कळतही नाही. सोलर बंबात ते कधीही घालू नये.

प्रमाणही नीट हवं. 40 टक्के मिश्रण उणे 20 अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं, 30 टक्के उणे 12-13 पर्यंत. पैसे वाचवायला 10-15 टक्केच घातलं तर फायदा राहिला बाजूला, उलट त्यावर जिवाणू पोसतात आणि गंजरोधकही विरळ होतो. मिश्रणाला बोअरचं पाणी वापरू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय नळ्या या फेऱ्यात नकोत, जस्त गंजरोधकाशी प्रक्रिया करून चोथा तयार करतं.

ग्लायकॉल मरतं ते उकाड्याने. वीज गेली, पंप थांबला, भर दुपारी कलेक्टर दीडशेच्या वर गेला, असं वारंवार झालं की ते मोडून आम्ल होतं. आधी रंग चहासारखा होतो, मग काकवीसारखा, जळका वास येतो. लिटमससारख्या पीएच पट्टीवर 7 च्या खाली दिसलं की सगळं काढून, फेरा धुऊन, नवीन भरायचं. एरवीही तीन ते पाच वर्षांनी तपासून बदलावं. प्रसरण टाकी (तापून फुगलेला द्रव सामावून घेणारी) लहान पडली तर सेफ्टी व्हॉल्व्हमधून द्रव गळतो, मग कोणीतरी नळाचं पाणी वरून भरतो, आणि तिसऱ्या वर्षी फेऱ्यात नेमकं काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. भरल्याची तारीख, प्रमाण आणि पीएच टाकीवर रंगाने लिहून ठेवणं हा साधा उपाय, पण फार थोडे करतात.

बंब नीट चालेनासा झाला की काय बघायचं

दुपारी बाराच्या सुमारास कलेक्टरच्या खालच्या आणि वरच्या जोडाचं तापमान घ्या. पंपाविना चालणाऱ्या चांगल्या बंबात फरक 10 ते 15 अंश असतो. 30 च्या पुढे गेला तर प्रवाह तुंबलाय. फरक नीट आहे पण टाकी तापत नाही, तर दोष बाहेर शोधा: काचेवरची धूळ, समोर उठलेल्या इमारतीची सावली, रात्री उलटा वाहणारा प्रवाह, किंवा गरम पाण्याच्या नळीवरचं उखडलेलं आवरण.

हातात धरायची इन्फ्रारेड बंदूक काचेवर रोखून काही कळत नाही. काच तिच्या किरणांना अपारदर्शक असते, त्यामुळे ती काचेचंच तापमान दाखवते. चकचकीत तांब्यावरही ती चुकते. उघड्या जोडावर काळी टेप चिकटवा आणि टेपवर मोजा.

क्षार काढायला घरगुती बंबाला लिंबूसत्व पुरतं. ते किराणा दुकानात मिळतं. लिटरला 50 ग्रॅम. एका फ्लॅट प्लेट कलेक्टरमध्ये सुमारे 3 लिटर मावतं, जोडनळ्या आणि बादली धरून 10 लिटर द्रावण करा, म्हणजे अर्धा किलो लिंबूसत्व. कलेक्टर टाकीपासून तोडा, सकाळी उन्हाआधी किंवा झाकून, छोट्या पंपाने द्रावण खालून वर फिरवा. बुडबुडे येत आहेत तोवर चुनखडी विरघळते आहे. बुडबुडे थांबले पण प्रवाह मोकळा नसेल, तर द्रावण थकलंय, नवीन करा. दोन-तीन तासांनी साध्या पाण्याने धुवा, शेवटी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने एकदा. हातमोजे आणि चष्मा घालावा. बाथरूम साफ करायचं ॲसिड मात्र वापरू नये: त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलच्या टाकीला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं, आणि ती दिसतात तेव्हा टाकी गेलेली असते.

शंभराच्या वर

पाणी इतकं सरस असेल तर कारखाने तेल का वापरतात? कारण दाब. 180 अंशांना पाणी द्रव ठेवायचं तर 10 बार म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट दाब लागतो, 250 अंशांना 40 बार. नळ्या जाड, व्हॉल्व्ह महाग. तरीही मध्यम तापमानाला पाणी टिकून आहे. लातूरच्या महानंद डेअरीत 160 चौरस मीटरच्या, ऊन एका जागी गोळा करणाऱ्या आरशांच्या तबकडीने दाबाखालचं पाणी तापवून दूध पाश्चराइझ करण्याचा प्रयोग झाला. शिर्डीच्या प्रसादालयासाठी 2009 मध्ये बसवलेल्या 73 तबकड्या पाण्याची थेट वाफ करतात, आणि स्वयंपाक त्या वाफेवर होतो.

थर्मिक फ्लुइड 300 अंशांपर्यंत जवळपास विनादाब फिरतं, हीच त्याची सगळी पुण्याई. तबकडी किंवा पन्हळीसारख्या आरशांत काचेखालचा मोठा पत्रा नसतो, शोषक नळी लहान असते, म्हणून तेलाचा तो 30 अंशांचा भुर्दंड तिथे पुष्कळ हलका होतो. शिवाय पंप लावून तेल जोरात घुसळतात. घुसळण कमी पडली तर भिंतीलगतचं तेल जळून कोळशासारखं चिकटतं. हवा लागली की तेल आंबतं, म्हणून प्रसरण टाकीत वर नायट्रोजन भरतात. आणि नवीन फेरा पहिल्यांदा तापवताना 105 ते 120 अंशांवर तासन्‌तास थांबायचंच: नळ्यांत राहिलेल्या एक लिटर पाण्याची सुमारे 1,700 लिटर वाफ होते, आणि ती उकळतं तेल टाकीबाहेर फेकते.

राजस्थानात नोख इथलं 50 मेगावॉटचं केंद्र असंच कृत्रिम तेल 390 अंशांच्या आसपास चालवतं. त्या तेलाचा वरचा टप्पा 400 अंश. खालचा 12 अंश, म्हणजे वाळवंटातल्या हिवाळी रात्री ते थिजू नये म्हणून गरम ठेवावं लागतं. त्याहून वर जायचं तर मीठ: 60 टक्के सोडियम नायट्रेट, 40 टक्के पोटॅशियम नायट्रेट. ते 565 अंशांपर्यंत टिकतं, जळत नाही, दाब लागत नाही, आणि टाकीत साठवून रात्री वीज करता येते. स्पेनमधलं हेमासोलार केंद्र 2011 पासून अशा मिठात 15 तासांची उष्णता साठवतं. पण हे मीठ 240 अंशांच्या खाली गोठायला लागतं. एखाद्या व्हॉल्व्हजवळची तापवणारी तार रात्री बंद पडली, तर सकाळी नळीत दगड असतो, आणि तो दोन्ही टोकांकडून हळूहळू वितळवावा लागतो. मधूनच तापवला तर फुगणाऱ्या मिठाला जायला जागा नसते आणि नळी फाटते.